डिझेल कोण पितं?

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी गाडी पुसायला गेलो, तर डिझेलच्या टाकीचं जुनं झाकण जाऊन तिथं किल्लीचं झाकण बसलं होतं. किल्ली माझ्याकडे नव्हती. मला कोणी काही सांगितलंही नव्हतं. मी फडकं हातात घेऊन त्या झाकणाकडे बघत उभा राहिलो. एवढंसं झाकण, पण बघता बघता कानशिलं गरम झाली.

मी वेंगुर्ल्याकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. आंब्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो, हळूहळू स्टेअरिंग हातात आलं आणि त्या ट्रकच्या मालकानं धंदा गुंडाळला तेव्हा मी अमरावतीत होतो. तिथं मला काकाजींनी ठेवून घेतलं. काकाजी म्हणजे माझे मालक. अंजनगाव सुर्जीकडे त्यांचे पानमळे आहेत, राहायला अमरावतीत. गाडीच्या शेडला लागून असलेली खोली त्यांनी मला दिली. पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला, तेव्हा काकूजींनी एकवीस दिवस पातळ भात पाठवला. घर शाकाहारी, पण मी खोलीत सुकट भाजली तरी काकूजी एवढंच म्हणायच्या, "दार लावून भाज बाप्पा, देवघरात वास येते." इतक्या लांब आलेल्या माणसाला कोणी सुकट भाजू देतं, ही लहान गोष्ट नाही. म्हणून ते झाकण मला लागलं.

काकाजींचा एक नेम होता. टाकी कायम एकाच पंपावर गळ्यापर्यंत भरायची. पुढच्या वेळी पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि मधे गाडी किती किलोमीटर चालली त्याला लिटरनं भागायचं. पंपाच्या पावतीच्या पाठीमागं ते गणित स्वतः करायचे. माझ्या आधीचे दोन ड्रायव्हर या गणितात पकडले गेले होते, दोघंही नळीनं डिझेल काढून विकायचे. माझ्या हातात ही सात जणांची जुनी गाडी लिटरला चौदा किलोमीटरच्या खाली कधी गेली नव्हती. काकाजी ते चारचौघांत सांगायचे. "कोकण्या इमानदार आहे," म्हणायचे.

दिवाळीनंतर ती तेरावर आली. मग साडेबारा. मग साडेअकरा. काकाजींनी मला एका शब्दानं विचारलं नाही. पावतीकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि पावती खिशात ठेवायचे. आणि मग ते झाकण.

त्यानंतर दोनच दिवसांनी मी पोर्चमध्ये चपला घालत असताना आतून त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "हाव, जानेवारीच्या एक तारखेपासून ये. लायसन घेऊन येजो. नाही नाही, त्याले अजून सांगतलं नाही. डिसेंबर भरू दे त्याचा."

त्या दिवशी जेवण गेलं नाही. घरून आईचा फोन आला, नेहमीसारखी म्हणाली, "जेवलंस मां?" मी हो म्हटलं.

मी चोरी केलेली नव्हती. पण डिझेल कमी होत होतं हेही खरंच होतं. म्हणजे कोणीतरी ते घेत होतं. मी एकेकाकडे बघायला लागलो. पहिला संशय पंपावर. तिथल्या माणसाला मी मशीनवरचं शून्य दाखवायला लावलं, तर तो म्हणाला, "काहून भाऊ, आजच डोळे उघडले का तुहे?" मग संशय अकोल्यावर. दर शनिवारी मी काकूजींना अकोल्याला त्यांच्या मुलीकडे सोडायचो आणि दिवसभर गाडी तिच्या अपार्टमेंटखाली उभी असायची. तिथला वॉचमन माझ्याशी फार गोड बोलायचा, चहा पाजायचा. गोड बोलणाऱ्यावर मी पहिल्यापासून विश्वास ठेवत नाही. मी गाडी उभी करताना डिझेलच्या काट्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर काटा जागच्या जागी. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. वॉचमन बिचारा स्वच्छ होता. त्याला मात्र माझा संशय कळला असावा, कारण त्या दिवसापासून चहा बंद झाला.

उभ्या गाडीतून डिझेल जात नव्हतं, झाकणाची किल्ली काकाजींकडे होती, तरी आकडा साडेअकराच. म्हणजे डिझेल चालत्या गाडीतच संपत होतं. खाली वाकून नळ्या तपासल्या. एक थेंब गळत नव्हता.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सहाला अमरावतीहून निघालो. चांगली थंडी होती. वऱ्हाडाचं ऊन सगळ्यांना माहीत आहे, पण डिसेंबरातली पहाट बोटं आखडवते, हे मला इथं येऊन कळलं. मागून काकूजी म्हणाल्या, "हीटर लाव ना बाप्पा."

"लावलाय काकूजी."

"लावला कोठी? थंडीच फेकून राहिला माह्यावर."

मी जाळीसमोर हात धरून पाहिलं. खरंच, गार वारा. मागच्या हिवाळ्यात हाच हीटर दहा किलोमीटरवरच्या बडनेऱ्याच्या आधीच बंद करावा लागायचा. नजर इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर गेली. या काट्याकडे ड्रायव्हर उन्हाळ्यात बघतो. वर चढला की भीती. हिवाळ्यात त्याच्याकडे कोण बघणार? आणि तो अगदी तळाला पडून होता. पंचवीस किलोमीटर झाले, चाळीस झाले, मूर्तिजापूरच्या अलीकडे आलो, तरी तो जेमतेम बोटभर उचलला होता. इंजिन तापतच नव्हतं.

आणि मला मे महिना आठवला.

त्या मे महिन्यात, याच रस्त्यावर, गाडी अचानक तापली होती. काटा लाल रेषेला गेला, बॉनेटमधून वाफ. गाडीत मी एकटाच होतो, काकाजी अकोल्याला बसलेले, दर दहा मिनिटांनी फोन. मूर्तिजापूरच्या रस्त्यालगत एका मिस्त्रीची टपरी होती. वय झालेला मुसलमान माणूस, सगळे त्याला चाचा म्हणतात. त्यानं इंजिन निवू दिलं, वरच्या जाड नळीजवळचे दोन बोल्ट खोलून आतून एक चकतीसारखी वस्तू काढली, आणि ती न बसवताच परत सगळं बंद केलं. "वॉल अटकला होता. डायरेक्ट करून देल्ली," म्हणाला. वॉल म्हणजे व्हॉल्व्ह, हे मला नंतर कळलं. पुढं तो आणखी बरंच बोलत होता. एकीकडे काकाजींचा फोन वाजत होता. मी मान हलवत राहिलो. मला काही कळलं नव्हतं, पण न कळल्याचं मी कधी दाखवत नसे. शाळा सुटलेल्या माणसाला ती सवय लागते. कोणी काही समजावलं की आधी मान हलते. काकाजींना मी "गाडी तापली होती, पाणी टाकलं" एवढंच सांगितलं. वॉल काढला हे सांगितलं नाही, कारण त्यांनी वॉल म्हणजे काय असं विचारलं असतं.

आता मला वाटायला लागलं, चाचानं माझी चांगली वस्तू काढून घेतली आणि दुसऱ्या कोणाच्या गाडीत घातली. मी परका, भाषेवरून लगेच कळतं. अशा माणसाला फसवणं सोपं.

मी गाडी टपरीपुढं थांबवली. काकूजींना म्हटलं, पाच मिनिटं.

"चाचा, मे महिन्यात माझ्या गाडीचा वॉल काढलात. कुठाय तो?"

माझा आवाज चढला असावा, कारण शेजारी पंक्चर काढणारा हात थांबवून बघायला लागला. चाचानं चष्मा वर केला.

"कोकण्या ना तू? आला का आता! दिवाळी होऊन महिना झाला तुही." त्यानं मागच्या फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. आत वीस-पंचवीस वॉल. प्रत्येकाला चिंधीची पट्टी बांधलेली, पट्टीवर पेनानं गाडीचे शेवटचे आकडे. एका पट्टीवर आकड्यांच्या खाली लिहिलं होतं 'कोंकन'. तो त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. "हे घे. म्या काय तुह्या वॉलची भाजी करून खाल्ली?"

टपरीवर दोघं-तिघं हसले. मी तो उलटसुलट करून पाहिला. बोटाएवढी पितळी कुपी, भोवती स्प्रिंग, वर गोल चकती, आणि सगळं गंजून एकमेकांना चिकटलेलं.

"मेला होता तो," चाचा म्हणाला. "म्हणून तं तुले तवाच सांगतलं, आता ऊन आहे, डायरेक्ट चालव, दिवाळी झाली का नवा घेऊन येजो, टाकून देतो. सबको यही बोलता मैं. आमच्याकडं असंच आहे, कूलर लागला का वॉल निघते, कूलर निघाला का वॉल लागते. तू तं मान हलवली होती ना बे!"

हलवली होती. तोवर काकूजी शाल गुंडाळून गाडीतून उतरून आल्या होत्या. त्यांना बसायला चाचानं खाटेवरचे पाने-पक्कड बाजूला सारली.

"चाचा," मी म्हटलं, "हा नसला तर डिझेल जास्त लागतं का?"

"लागल नाही तं काय होईल? अबे, इंजिन ठंडं राहिलं तं डिझेल नीट जळत नाही. किती देऊन राहिली?"

"साडेअकरा."

"पाह्य. अन् तू कोणावर आळ घेऊन राहिला होता?"

काकूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मी जे आयुष्यात फार कमी वेळा केलं ते केलं. म्हटलं, "चाचा, हे कसं चालतं ते मला माहीत नाही. सांगा."

चाचानं वॉल हातात घेतला. "सकाळी इंजिन ठंडं असते. तवा हा दरवाजा बंद करून बसते. पाणी आतल्या आतच फिरते, म्हणून झटक्यात तापते. ह्या कुपीत मेण आहे. पाणी पाहिजे तेवढं गरम झालं का मेण पातळ होते, फुगते, ही दांडी ढकलते, दरवाजा उघडते. मंग पाणी समोर रेडिएटरात जाते, ठंडं होऊन परत येते. जास्तच ठंडं आलं का मेण आवळते, स्प्रिंग दरवाजा लावून घेते. ना वायर, ना बॅटरी. दिवसभर थोडा उघड, थोडा लाव, हेच काम."

"आणि दरवाजाच नसला तर?"

"तं पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरात. मे महिन्यात चालून जाते. पण डिसेंबरात? जशी उघड्या मैदानातली चूल. लाकडं जाते, पण भाकर भाजत नाही."

काकूजी म्हणाल्या, "म्हणून मले हवा ठंडी येऊन राहिली!"

चाचानं सांगितलं, अकोल्यातून नवा आण, परत जाताना बसवून देतो. तो गंजका वॉल नमुन्याला बरोबर दिला. गाडीत काकूजींनी शाल घट्ट ओढून घेतली. मग म्हणाल्या, "एक तारखेचं तुले माहीत आहे का?"

"ऐकलं मी."

"म्या काही बोलणार नाही त्यायच्यापाशी. तूच सांग. मेमधलंही सांग. अर्धं सांगशील तं ते उरलेलं अर्धं शोधत बसतीन."

अकोल्यात काकूजींना मुलीकडे सोडलं आणि स्पेअर पार्ट्सच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसानं नमुना न बघताच एक डबी पुढं सरकवली. "हा घे भाऊ, एकाहत्तर डिग्रीचा. लवकर उघडते. आपल्या उन्हात ठंडाच बरा. सगळे हाच नेतात."

सगळे नेतात म्हटल्यावर मी आणखी सावध झालो. जुन्या वॉलची कड फडक्यानं घासली. गंजाखाली ब्याऐंशी हा आकडा कोरलेला निघाला. मी मनाशी विचार केला. हा एकाहत्तरला उघडणार, म्हणजे हिवाळ्यात इंजिन पुन्हा पाहिजे त्याच्याआधीच गार पडणार. मी ज्याच्यासाठी आलो तेच दुखणं थोडं कमी करून घरी न्यायचं.

"मला ब्याऐंशीचाच द्या. यावर आहे तो."

"मे महिन्यात रडत येशील."

मला चाचाचं बोलणं आठवत होतं, त्यातूनच सुचलं. "मे महिन्यात हा तसाही पूर्ण उघडलेलाच असणार ना? मग एकाहत्तरचा काय आणि ब्याऐंशीचा काय. गार करायचं काम रेडिएटरचं."

त्यानं पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं. "कितवी शिकला?"

"सातवी."

"वाटत नाही," म्हणाला, आणि आतून ब्याऐंशीच्या दोन डब्या आणल्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एकावरची छपाई पुसट, जणू भिजलेल्या कागदावर केलेली. दोन्हींचा घेर मी जुन्यावर ठेवून पाहिला, उंची पाहिली, बाजूची रबराची रिंग पाहिली, चकतीतलं एक बारीक भोक आणि त्यात हलणारी टाचणी पाहिली. सगळं सारखं. आकडा तर दोघांवरही होता. पण आकडा काय, कोणीही कोरतो.

"उकळून बघू का?"

"भाऊ, हे काय बटाटे आहेत उकडून पाहाले?"

"घेईन मी एक, नक्की. पण बघून."

त्यानं हात जोडले आणि दुकानासमोरच्या चहाच्या गाडीकडे बोट दाखवलं. तिथं एक मावशी चहा करत होती. तिला सगळं समजावलं तर ती म्हणाली, "माह्या चहाच्या गंजात लोखंड टाकतं काय रे? गिऱ्हाईक पळवतं माहं?" मग तिनंच मागं ठेवलेला एक काळा गंज, म्हणजे पातेलं, काढून पाणी घातलं आणि स्टोव्हवर चढवला. दुकानदारही काउंटर सोडून बघायला आला.

दोन्ही वॉल आधी उजेडापुढं धरले. पुसट छपाईच्या डबीतला जो होता, त्याच्या कडेनं केसाएवढी फट दिसत होती. गार असतानाच दरवाजा उघडा. दुकानदार म्हणाला, "बसते तो नंतर." मी दोघांना दोरे बांधून पाण्यात सोडले, तळाला टेकू न देता. पाणी कोमट झालं, काही नाही. हात घालवेना इतकं तापलं, तरी चांगल्या डबीतला गप्प. तळाशी बारीक बुडबुडे धरले, आणि मग त्याचा दरवाजा हळूच, मिटलेली पापणी उघडावी तसा सुटला. पाणी खळाखळा उकळेपर्यंत तो पूर्ण उघडला. मी बाहेर काढून गार पाण्यात धरला, तर तो आपोआप मिटला. दुसरा उकळत्या पाण्यातही अर्धाच उघडला आणि गार केल्यावर त्याची ती फट आणखीच वाढली.

मावशी म्हणाली, "जिवंत आहे तो पहिला."

दुकानदारानं दुसरी डबी खिशात घातली. ती परत फळीवर गेली का फेकली, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

दुपारी काकूजींना घेऊन परतताना चाचाकडे तासभर थांबलो. गरम इंजिन त्यानं खोलूच दिलं नाही. मग नवा वॉल बसवताना मी त्याच्या खांद्यावरून वाकून सगळं विचारत होतो. ते बारीक भोक वरच्या अंगाला का? आत अडकलेली हवा निघून जावी म्हणून. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे का? गरम पाणी तिकडं असतं म्हणून. "मे महिन्यात असं विचारलं असतं तं," चाचा म्हणाला, पण पुरं केलं नाही. गाडी सुरू केली. बडनेरा येण्याच्या कितीतरी आधी काटा मधोमध आला आणि तिथंच थांबला. मागं काकूजींनी शाल काढून मांडीवर ठेवली.

घरी पोहोचल्यावर मी काकाजींना सगळं सांगितलं. मे महिना, काढलेला वॉल, हलवलेली मान, वॉचमन, उकळलेलं पाणी. ते आरामखुर्चीत बसून ऐकत होते. चेहरा हलला नाही. "झालं का?" विचारलं. मग म्हणाले, "आता बोलून काय फायदा? पावती येऊ दे."

टाकी त्याच संध्याकाळी गळ्यापर्यंत भरली, किल्ली त्यांच्या हातात. पुढच्या शनिवारी ते स्वतः गाडीत बसले. अमरावती ते अकोला आणि परत, त्यांनी पूर्ण रस्ता माझ्या पायाकडे आणि काट्याकडे आळीपाळीनं पाहिलं. मला वाटत होतं, ब्रेक जास्त लागले तरी आकडा घसरेल. ट्रकमागं थांबावं लागलं तरी मी मनात शिव्या देत होतो. परत आल्यावर त्याच पंपावर टाकी भरली. काकाजींनी पावती बॉनेटवर ठेवून पाठीवर भागाकार केला, दोनदा केला.

"साडेतेरा."

मी श्वास सोडला.

"चौदा होती," ते म्हणाले. "अर्धा कोठी गेला?"

माझ्या तोंडात उत्तरं तयार होती. थंडीचे दिवस आहेत, हीटर चालू होता, मूर्तिजापूरला जाम लागला, टायरमध्ये हवा कमी असेल. मान हलवून त्यातलं एखादं ठोकून देता आलं असतं, आणि ते कदाचित खरंही असतं. पण मला खरंच ठाऊक नव्हतं.

"माहीत नाही काकाजी," मी म्हटलं. "चाचाला दाखवू. तो सांगेल ते तुमच्यासमोर सांगेल."

त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. पंपावरचा माणूस झाकण हातात घेऊन किल्लीसाठी थांबला होता. काकाजींनी किल्ली न देताच फोन काढला, नंबर लावला.

"हाव, मी बोलतो. तू नको येऊ एक तारखेले... नाही, तुह्यात काही खोट नाही. हा राहून राहिला आहे माह्यापाशी." पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता. काकाजी चिडले. "काहून म्हणजे? राहून राहिला म्हणून!"

फोन ठेवून त्यांनी झाकणाला किल्ली लावली आणि ते पुढच्या सीटवर बसले. "चाल. आधी मूर्तिजापूरचा तो म्हातारा म्हणते काय ते पाहू सोमवारी. अर्धा लिटर काय हवेत उडते?"